मध्यरात्री भुंकणारा खोकला

शिरगावातील दुकानदारांची बुधवारची रात्र लवकर संपत नाही. गुरुवारी प्रतिशिर्डीच्या साईमंदिरात दर्शनासाठी पुण्याहून, पिंपरी-चिंचवडहून आणि मावळातील गावांतून माणसांची रीघ लागते. त्यामुळे आदल्या रात्री माल लावणे, सुटे पैसे मोजून ठेवणे, अशी कामे उशिरापर्यंत चालतात. अशाच एखाद्या किराणा व्यापाऱ्याचे घर डोळ्यांपुढे आणावे. खाली दुकान, वर बिऱ्हाड, घरात तीन पिढ्या. दीड वर्षाच्या नातवाचे नाक दोन दिवस वाहत आहे, अंग किंचित कोमट आहे. संध्याकाळी त्याचा आवाज बसल्यासारखा वाटला. फार रडल्यामुळे असेल, असे म्हणून कोणी मनावर घेतले नाही. दहा वाजता तो शांत झोपला.

रात्री दीडच्या सुमारास घर जागे होते ते एका विचित्र आवाजाने. कुत्र्याच्या पिल्लाने अंगणात भुंकावे तसा कोरडा, खणखणीत, पोकळ खोकला. पाठोपाठ मूल घाबरून रडू लागते आणि श्वास आत घेताना त्याच्या गळ्यातून करवत ओढल्यासारखा कर्कश आवाज येतो. क्षणात खोलीतले सर्व दिवे लागतात. आजी स्वयंपाकघराकडे वळतात, कारण वाफ द्यावी असे त्यांना वाटते. आजोबा घड्याळाकडे पाहून म्हणतात, सकाळपर्यंत कळ काढावी, आता कोण डॉक्टर भेटणार? वडील कपाटातून मागच्या महिन्यात उरलेली खोकल्याची बाटली काढतात. मुलाला उराशी धरून बसलेल्या आईला यापैकी काय करावे ते सुचत नाही. असा प्रसंग पुष्कळ घरांत घडतो आणि चौघांच्याही मनात मुलाचे हितच असते. तथापि त्या रात्री कोणाचे ऐकावे, यावर बरेच काही अवलंबून असते.

या आजाराला वैद्यकात क्रूप म्हणतात. मराठीत त्याला रूढ असे स्वतंत्र नाव नाही आणि पुष्कळसा घोटाळा तिथूनच सुरू होतो. जुनी माणसे खोकल्याचा आवाज ऐकून त्याला डांग्या खोकला म्हणतात. वस्तुतः डांग्या खोकला जिवाणूंमुळे होतो, त्यात उबळीमागून उबळ येते, शेवटी मूल हूप असा आवाज करून श्वास घेते आणि तो आजार आठवडेच्या आठवडे चालतो. काही ठिकाणी छाती-पोट उडताना दिसले की मुलाला डबा झाला असे म्हणतात. मेळघाटात याच कल्पनेपोटी तान्ह्या बाळांच्या पोटावर तापलेल्या विळ्याने डागण्या देण्याची प्रथा होती, आणि अलीकडच्या वर्षांतही तशा घटना वृत्तपत्रांत आल्या आहेत. नाव चुकले की उपाय चुकतो, तो असा.

क्रूप हा बहुधा विषाणूंमुळे होतो. त्यांत पॅराइन्फ्लुएंझा या विषाणूचा, विशेषतः त्याच्या पहिल्या प्रकाराचा, वाटा सर्वांत मोठा. इन्फ्लुएंझा, आर.एस.व्ही. हेही कारण ठरू शकतात, आणि कोरोनाच्या ओमायक्रॉन लाटेत अनेक देशांतील बालरुग्णालयांत क्रूपची मुले दिसू लागली होती. सहा महिने ते तीन वर्षे हे या आजाराचे मुख्य वय. त्यातही दुसऱ्या वर्षात तो अधिक आढळतो. हाच विषाणू मोठ्या माणसाला होतो तेव्हा त्याचे नाक वाहते, आवाज बसतो आणि चार दिवसांत तो विसरूनही जातो. लग्नसराईतून परतलेले काका घसा खाकरत बाळाचा मुका घेतात, त्यांना आपण काय देऊन चाललो याची कल्पनाही नसते. सर्दी झालेल्या मोठ्यांनी मुलाजवळ जाताना तोंडावर रुमाल धरणे आणि हात साबणाने धुणे, एवढे तरी घराघरांत व्हावे. ज्या समाजात बोलताना सूक्ष्म जीवांची हिंसा होऊ नये म्हणून मुहपत्ती धरली जाते, त्या समाजाला हे शिकवावे लागू नये.

एकच विषाणू आजोबांना सर्दी आणि नातवाला घुसमट का देतो, हे समजून घेतले तर पुढचे सारे समजते. स्वरयंत्राच्या खाली, श्वासनलिकेच्या तोंडाशी, अंगठीच्या आकाराची एक कूर्चा असते. ती सर्व बाजूंनी बंद असल्यामुळे आतल्या अस्तराला सूज आली तर ती बाहेरच्या बाजूला पसरू शकत नाही. ती आतच, हवेच्या वाटेवर अतिक्रमण करते. लहान मुलाची ही वाट सुमारे ४ मिलीमीटर व्यासाची धरली आणि सभोवार १ मिलीमीटर सूज आली, तर व्यास उरतो २ मिलीमीटर. वाट निम्मी झाली म्हणजे त्रास दुप्पट झाला, असे सरळ व्याजाचे गणित येथे चालत नाही. नळीतून वाहणाऱ्या हवेला होणारा अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घाताने वाढतो; म्हणून त्रिज्या निम्मी झाली की अडथळा सोळा पट होतो. हीच १ मिलीमीटर सूज ८ मिलीमीटरच्या वाटेत आली तर अडथळा तिपटीच्या आसपास राहतो. शिवाय हे गणित शांतपणे वाहणाऱ्या हवेचे आहे. मूल रडू लागले, जोरजोराने श्वास ओढू लागले की हवेचा प्रवाह खवळतो आणि अडथळा आणखी वाढतो. चक्रवाढ व्याजाचा हप्ता थकलेल्या कर्जदाराची जी अवस्था होते, तीच त्या इवल्या श्वासनलिकेची होते.

यावरून पहिला उपचार ठरतो आणि तो कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळत नाही. मुलाला रडू न देणे. त्याला आईच्या किंवा ज्याच्याजवळ ते शांत राहते त्याच्या मांडीवर उभे बसवावे. आडवे निजवू नये, घशात बोट किंवा चमचा घालून पाहू नये, पाच जणांनी भोवती कोंडाळे करू नये. मोठ्यांच्या चेहऱ्यावरची भीती मूल लगेच टिपते. खोलीतला गोंगाट थांबला, एकच दिवा मंद राहिला आणि आईने हळू आवाजात नेहमीचे गाणे किंवा नवकार म्हटला, तर पुष्कळदा दहा मिनिटांत कर्कश आवाज कमी झालेला आढळतो. हा धीर देण्याचा प्रकार नसून वर सांगितलेल्या गणिताचाच परिणाम आहे.

आता आजींची वाफ. हा उपाय वेडगळ नव्हे. एके काळी युरोप-अमेरिकेतील रुग्णालयांतही क्रूपच्या मुलांना वाफेच्या तंबूत ठेवीत असत. परंतु टोरांटोच्या बालरुग्णालयात १४० मुलांवर केलेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दमट हवेचा क्रूपवर काही विशेष गुण आढळला नाही. गुण नाही आणि धोका मात्र मोठा. धडपडणारे मूल, उकळत्या पाण्याचे भांडे, अर्धवट झोपेतली माणसे. यातून भाजण्याच्या दुर्घटना घडतात, आणि त्यांचे व्रण क्रूप बरा झाल्यावरही आयुष्यभर राहतात. आपल्या घरांत उकळलेले पाणी पिण्याचा नेम असल्यामुळे शेगडीवर मोठे पातेले बहुधा तयारच असते. म्हणूनच ही सूचना येथे मुद्दाम करावी लागते.

थंड हवेची गोष्ट मात्र निराळी आहे. मुलाला घेऊन रुग्णालयात निघावे आणि वाटेतच त्याचा श्वास सुधारावा, दारात पोहोचल्यावर ते हसू लागावे, असा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या पालक सांगत आले. रात्रीच्या गार हवेने सूज थोडी उतरत असावी, असा तर्क होता. २०२३ मध्ये जिनिव्हा येथील डॉक्टरांनी तो तपासून पाहिला. ११८ मुलांना नेहमीचे औषध दिले आणि त्यांपैकी निम्म्यांना अर्धा तास १० अंशांहून कमी तापमानाच्या उघड्या हवेत बसवले, उरलेल्यांना खोलीत. अर्ध्या तासाने बाहेर बसलेल्या मुलांपैकी सुमारे ४९ टक्के मुलांत स्पष्ट सुधारणा दिसली, आतल्यांपैकी सुमारे २४ टक्के मुलांत. औषधाचा गुण यायच्या आधीचा हा वेळ असल्यामुळे फरक गार हवेचाच मानावा लागतो. मावळातील सर्व रात्री काही इतक्या थंड नसतात. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे असू शकतात. तरीही मुलाला ऊबदार कपड्यांत गुंडाळून, तोंड मोकळे ठेवून, उघड्या खिडकीशी किंवा गच्चीवर दहा-पंधरा मिनिटे बसणे यात अपाय नाही. आजारी मुलाला वारा लागू नये म्हणून दारे-खिडक्या बंद करून त्याच्या डोक्यावरून शाल ओढण्याची जी सवय आहे, तिच्या नेमके उलट हे आहे, आणि पहिल्यांदा करताना आजींना जड जाईल.

वडिलांच्या हातातली बाटली कपाटात परत ठेवावी, किंबहुना फेकून द्यावी. खोकल्याची सिरपे क्रूपवर काही करीत नाहीत, कारण येथे खोकला दाबायचा नसून सूज उतरवायची असते. झोप आणणारे औषध तर घातकच. श्वासासाठी झगडणारे मूल गुंगीत गेले तर त्याची धोक्याची चिन्हे झाकली जातात. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा बाटलीवर छापण्यास सांगितले होते. पुढे २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात जे घडले ते अनेकांच्या स्मरणात असेल. साध्या सर्दी-खोकल्यासाठी दिलेल्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य निघाले, लहान मुलांची मूत्रपिंडे निकामी झाली, अनेकांना उपचारांसाठी नागपूरला आणले गेले आणि त्यांपैकी कित्येक परत गेली नाहीत. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊच नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांना सहसा देऊ नयेत, असे कळवले. तरीही उरलेली बाटली पुढच्या वेळी कामी येईल म्हणून जपून ठेवण्याची काटकसर व्यापारी घरांत मुरलेली आहे. इतर बाबतींत ती सद्गुण असेल.

प्रतिजैविकांचेही तसेच. क्रूप विषाणूजन्य असल्याने प्रतिजैविकाने तो लवकर बरा होत नाही. डॉक्टरांनी ते लिहून दिले नाही म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे जाणारे पालक असतात, त्यांनी याचा विचार करावा. ताप असेल तर वजनानुसार पॅरासिटामॉल आणि थोडे थोडे पाणी किंवा दूध, एवढे घरी पुरे.

येथे चोविहाराचा प्रश्न कोणाच्या मनात येऊ शकतो. रात्री मुलाला पाणी द्यावे की नाही, असा संकोच एखाद्या नेमधर्माच्या घरात होतो, आणि आईचे स्वतःचे पच्चक्खाण असेल तर तीही अवघडते. परंतु पच्चक्खाणातच आजारपणासाठी आगार ठेवलेले असतात, आणि तान्ह्या मुलाचे पच्चक्खाण नसतेच. मधाची गोष्ट याहून सोपी आहे. मध आपल्याकडे अभक्ष्य मानला जातो, आणि वैद्यकही एक वर्षाखालील बाळाला मध मुळीच देऊ नये असे सांगते, कारण त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. शेजारणीने प्रेमाने सुचवलेले मध-आल्याचे चाटण नाकारायला येथे दोन आधार आहेत.

मग खरा उपचार कोणता? तो आहे डेक्सामेथासोन या स्टिरॉइडची बहुधा एकच मात्रा. स्टिरॉइड हा शब्द ऐकताच घरातील मोठी माणसे दचकतात. हाडे ठिसूळ होतात, वाढ खुंटते, असे त्यांनी ऐकलेले असते, आणि महिनोन्‌महिने घेतलेल्या स्टिरॉइडच्या बाबतीत ते खरेही आहे. एका रात्री दिलेल्या एका मात्रेला ते लागू नाही. डॉक्टर मुलाचे वजन पाहून किलोमागे ०.१५ ते ०.६ मिलीग्रॅम या दरम्यान मात्रा ठरवतात. औषध तोंडाने देता येते आणि तोंडाने दिलेले इंजेक्शनइतकेच लागू पडते. म्हणून मूल गिळू शकत असेल तर त्याला टोचून रडवण्याचे कारण नाही. सुमारे दोन तासांत गुण दिसू लागतो आणि औषधाचा परिणाम दीड-दोन दिवस टिकतो. नेमके तेवढेच दिवस कठीण असतात.

सौम्य क्रूपला एवढे कशाला, असा प्रश्न डॉक्टरांनाही पडला होता. कॅनडातील ७२० मुलांवरच्या अभ्यासाने २००४ मध्ये त्याचे उत्तर दिले. ही सर्व मुले सौम्य क्रूपची होती. निम्म्यांना डेक्सामेथासोनची एक मात्रा मिळाली, निम्म्यांना तशाच चवीचे नुसते पाणीदार औषध. त्या औषधातील मुलांपैकी १५.३ टक्क्यांना पुढच्या सात दिवसांत पुन्हा डॉक्टरांकडे न्यावे लागले, डेक्सामेथासोन मिळालेल्यांपैकी ७.३ टक्क्यांना. एका स्वस्त औषधाने पुन्हा धावपळ करण्याची शक्यता निम्मी झाली आणि पालकांची झोपही वाचली. हे औषध घरात आणून ठेवून स्वतःच्या अंदाजाने द्यावे, असा याचा अर्थ नव्हे. कोणत्या मुलाला क्रूप आहे आणि कोणत्या मुलाच्या घशात शेंगदाणा अडकला आहे, हे ठरवणे डॉक्टरांचे काम आहे.

शेंगदाण्याचा उल्लेख सहज केलेला नाही. किराणा दुकानावरच राहणाऱ्या घरात शेंगदाणे, फुटाणे, सुपारीचे खांड, वजनकाट्यातील बटणाएवढे सेल या वस्तू रांगत्या मुलाच्या हाताशी असतात. सर्दी नाही, ताप नाही, खेळता खेळता अचानक ठसका लागून श्वास घरघरू लागला, तर तो क्रूप समजू नये. श्वासमार्गात काहीतरी गेले आहे असे धरून तत्काळ रुग्णालय गाठावे. तसेच मुलाला जोराचा ताप आहे, खोकला फारसा नाही, लाळ गळते आहे, गिळवत नाही आणि ते हनुवटी पुढे काढून ताठ बसले आहे, तर तो कंठच्छदाचा दाह असू शकतो. तो काही तासांत प्राणावर बेततो. पेंटाव्हॅलंट लशीमध्ये त्याच्या मुख्य जिवाणूविरुद्धचा, म्हणजे हिबचा, घटक असल्यामुळे तो आता विरळ झाला आहे.

आणि घटसर्प. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी क्रूप म्हणजे बहुधा घटसर्पच समजला जाई, कारण घशात पडदा धरून मूल गुदमरत असे. १८०७ मध्ये नेपोलियनचा चार वर्षांचा पुतण्या क्रूप म्हणवल्या जाणाऱ्या आजाराने दगावला. तेव्हा सम्राटाने या रोगावरील उत्तम प्रबंधासाठी १२,००० फ्रँकचे पारितोषिक जाहीर केले. १८१२ मध्ये ते दोघांत वाटून देण्यात आले. त्यांपैकी एक जिनिव्हाचे डॉक्टर ज्युरीन होते. गार हवेचा प्रयोग त्याच शहरात दोनशे वर्षांनी व्हावा, हा योगायोग आहे. पारितोषिकाने मुले वाचली नाहीत. ती वाचू लागली एमिल फॉन बेरिंग यांच्या प्रतिविषामुळे, ज्यासाठी त्यांना १९०१ चे वैद्यकाचे पहिलेच नोबेल पारितोषिक मिळाले, आणि पुढे लशीमुळे. आपल्याकडे ही लस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना पेंटाव्हॅलंटमधून, नंतर सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान आणि पाच-सहा वर्षांना डीपीटीच्या वर्धक मात्रेतून दिली जाते. पहिल्या तीन मात्रांबद्दल पालक दक्ष असतात. दीड वर्षाची वर्धक मात्रा मात्र गावी गेलो होतो, घरात लग्न होते, दिवाळीचा हंगाम होता, अशा कारणांनी राहून जाते. मुलाचे लसीकरणाचे कार्ड रुग्णालयात जाताना बरोबर घ्यावे. घशाच्या तक्रारीत डॉक्टर ते प्रथम मागतात, आणि तिथे ती नोंद कोरी असेल तर त्यांचा तपास निराळ्या दिशेने सुरू होतो.

आता आजोबांचा प्रश्न उरतो: सकाळपर्यंत थांबावे का? या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही, पण उत्तर शोधण्याची जागा निश्चित आहे. ती म्हणजे खोकल्याचा आवाज नव्हे. खोकला कितीही भयंकर वाटला तरी तो आजाराच्या तीव्रतेचे माप नाही. बनियन वर करून मुलाची छाती पाहावी. मूल शांत असताना श्वास बिनआवाज असेल, कर्कश आवाज फक्त रडताना किंवा धावताना येत असेल, ते हसत-खेळत पाणी पीत असेल, तर क्रूप सौम्य आहे. कोणीतरी जागे राहून लक्ष ठेवावे आणि सकाळी डॉक्टरांना दाखवावे. परंतु मांडीवर शांत बसलेले असतानाही प्रत्येक श्वासाला तो आवाज येत असेल, गळ्याखालचा खळगा आणि बरगड्यांमधली जागा आत ओढली जात असेल, तर घड्याळ न पाहता निघावे. ओठ निळसर होणे, मूल मलूल होणे, बेचैनीने तळमळणे, पाणी न गिळणे, ही त्यापुढची चिन्हे आहेत. आणि एक फसवे चिन्ह लक्षात ठेवावे: आधी मोठा असलेला कर्कश आवाज क्षीण होत जातो, मूल निपचित पडते, आणि घरच्यांना वाटते, बरे झाले, झोपले. आत जाणारी हवाच इतकी थोडी राहिली की आवाज करायलाही ती पुरत नाही, असा त्याचा अर्थ असू शकतो. छाती आत ओढली जात असताना आलेली शांतता ही सुधारणा नसते. सहा महिन्यांहून लहान बाळ, जन्मतः अपुऱ्या दिवसांचे किंवा पूर्वी श्वासनलिकेत नळी घालावी लागलेले मूल, यांच्या बाबतीत सौम्य लक्षणांतही वाट पाहू नये.

शिरगावातून निघाल्यावर सोमाटणे फाट्यावर जुना मुंबई-पुणे महामार्ग लागतो. तिथून एका बाजूला तळेगाव दाभाडे, दुसऱ्या बाजूला निगडी-चिंचवड. तळेगावात वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, पिंपरीत महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, खासगी बालरुग्णालयेही आहेत. यांपैकी रात्री दोन वाजता बालरोगतज्ज्ञ, प्राणवायू आणि नेब्युलायझर कोठे तयार असतात, ही चौकशी भरदिवसा, मूल धडधाकट असताना करून ठेवावी. मालाचा पुरवठा अडला तर दुसरा पुरवठादार कोण, हे ज्यांना तोंडपाठ असते त्यांना यात काही अवघड नाही. मुलाचा श्वास फार ओढला जात असेल तर स्वतःच्या वाहनाऐवजी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मागवावी. राज्यात ही सेवा २०१४ पासून विनामूल्य आहे, तीत प्राणवायू असतो आणि सोबत डॉक्टर असतात. स्वतःच्या गाडीने जायचे झाल्यास चालवणारा एक आणि मुलाला धरणारा दुसरा असे निदान दोघे असावेत, काच थोडी खाली ठेवावी.

मध्यम किंवा तीव्र क्रूपमध्ये रुग्णालयात डेक्सामेथासोनबरोबर नेब्युलायझरमधून ॲड्रेनलिन देतात. त्याने काही मिनिटांतच सूज आक्रसते आणि मूल मोकळा श्वास घेऊ लागते. तो पाहून घरच्यांना लगेच परतावेसे वाटते, विशेषतः दुसऱ्या दिवशी गुरुवार असेल आणि दुकान पहाटे उघडायचे असेल तेव्हा. पण ॲड्रेनलिनचा प्रभाव दोनेक तासांत ओसरतो, आणि स्टिरॉइडने तोवर पकड घेतली नसेल तर त्रास पुन्हा उफाळू शकतो. डॉक्टर दोन ते चार तास थांबवून घेतात ते यासाठी. बिल वाढवण्यासाठी थांबवले, असा समज करून घेऊन सही करून मूल घरी आणणे ही अशा वेळची सर्वांत महाग बचत होय.

बहुसंख्य मुले दाखल न होता घरी परततात. दुसरी रात्र बहुधा पहिलीसारखीच जाते, कधी थोडी अधिक वाईट, कारण दिवसा खेळणारे मूल रात्री पुन्हा भुंकू लागते. शरीरातील कॉर्टिसॉल हे नैसर्गिक स्टिरॉइड मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते, हे त्याचे एक कारण सांगितले जाते. तेव्हा त्या रात्री जागण्याची पाळी आधीच वाटून घ्यावी, आणि ती आईच्या वाट्याला सलग दुसऱ्यांदा येऊ नये. तिसऱ्या-चौथ्या दिवशी खोकला ओला होतो, साध्या सर्दीसारखा. बसलेला आवाज खुलायला आठवडाही लागतो. हा त्रास पुढच्या ऋतुबदलात त्याच मुलाला पुन्हा होऊ शकतो आणि पाच-सहा वर्षांनंतर श्वासनलिका रुंदावली की सहसा होत नाही; मात्र तो वरचेवर येऊ लागला, किंवा सर्दीवाचून आला, किंवा दोन आजारांच्या मधल्या काळातही श्वासाचा आवाज राहू लागला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्राची तपासणी करून घ्यावी. अशा मुलांपैकी काहींची वाट जन्मतःच अरुंद असते.